कॅरेबियन गेस्ट हाउस, मुक्काम चिता

कॅरेबियन बेटं नकाशात नेमकी कुठे येतात, हे मला आजही शोधावं लागतं. बोट आधी हमखास फिलिपीन्सवर जातं. तरीही चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी एका कॅरेबियन गेस्ट हाउसची मुख्य आचारी होते, आणि हाताखाली दुसरं कोणीच नसल्यामुळे माझं हे पद तसं निर्विवाद होतं. गेस्ट हाउस जपानात. मालक जपानी, मासे जपानी, तांदूळ थायलंडचा आणि स्वयंपाक रत्नागिरीचा. कॅरेबियन म्हणावं असं तिथे एकच होतं, ते म्हणजे दारावरची पाटी.

नागोयाच्या दक्षिणेला जमिनीचा एक लांबट तुकडा समुद्रात घुसला आहे. त्याचं नाव चिता. सासूबाईंना मी पत्रात ‘नागोयाजवळ’ एवढंच कळवलं होतं. सून रोज सकाळी चितेवर जाते आणि संध्याकाळी परत येते, हे वाचून त्यांनी त्या वयात काय करून घेतलं असतं कोण जाणे. शिवाय सून कामाला जाते हा मुद्दा राहिलाच. एका पत्रात दोन धक्के नकोत, असा मी विचार केला.

हे सगळं सुरू झालं श्यामकांतच्या ऑफिसच्या सहलीमुळे. श्यामकांत म्हणजे माझा नवरा. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनियर होता. जपानी ऑफिसात वर्षातून एकदा सगळ्या सेक्शनने मिळून सहलीला जायची पद्धत आहे. सहल म्हणजे ऑफिसच, फक्त चपला वेगळ्या. त्या वर्षी मंदीमुळे लांबचं ठिकाण रद्द झालं, जवळचं ठरलं, आणि भरपाई म्हणून बायकांनाही बोलावलं. ठिकाणाचं नाव कारिबु-सो. ‘सो’ म्हणजे आपलं ‘सदन’. कॅरेबियन सदन म्हणा हवं तर.

सदनाचे मालक मिझुनो-सान सत्तरीचे गृहस्थ. उभा जन्म जहाजावर इंजिनं सांभाळण्यात गेलेला. तरुणपणी कधीतरी त्यांचं जहाज कॅरेबियनमधल्या एका बेटापाशी बंद पडलं आणि दुरुस्ती होईपर्यंत ते तिथल्या लहानशा गेस्ट हाउसात राहिले. खाली खानावळ, वर दोनचार खोल्या. मालकीणबाई पायरीवर अनवाणी बसून राहायच्या आणि मनात आलं की उठून मासे तळायच्या. “आयुष्यात तेवढे दिवस मी घड्याळ पाहिलं नाही,” असं मिझुनो-सान सांगत. निवृत्त झाल्यावर तसंच एक निवांत गेस्ट हाउस त्यांनी चिताच्या किनाऱ्यावर बांधलं. जन्मभर इंजिनं सांभाळलेला माणूस निवांतपणा बांधायला निघाला की काय होतं, ते मी तिथे पाहिलं. भिंतीवर निवांतपणाचं वेळापत्रक होतं. सकाळी नाश्त्यानंतर समुद्राकडे पाहणे. त्यानंतर अनवाणी चालणे. दुपारी लाटांचे आवाज ऐकणे. अंगणात एक झोळी टांगली होती, तिच्यात माणशी वीस मिनिटं पडायची परवानगी होती, आणि शेजारच्या बाकावर पुढचे पाहुणे चपला काढून, ओळीने, आपला निवांत व्हायचा नंबर कधी येतो याची वाट बघत बसलेले असत.

आम्ही पोचलो त्याच सकाळी तिथला आचारी नोकरी सोडून निघून गेला होता. मिझुनो-सान कमरेत वाकून माफी मागत होते, सेक्शनचे साहेब पांढरे पडले होते, आणि कोणालाच काही सुचत नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी करू का काहीतरी?”

श्यामकांतने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी साहेबांच्या टकलावर टिचकी मारली होती. पण फ्रीजमध्ये सबा होते. सबा म्हणजे आपला बांगडाच, फक्त अंगाने जरा भरलेला. फळीवर नारळाच्या दुधाचे डबे होते, ते शोभेसाठी मांडलेले निघाले. चिंच, हळद आणि तिखट माझ्या पर्समध्ये होतं. हसू नका. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी बाईची पर्स उघडून बघा. मी सरळ कालवण केलं.

मिझुनो-सानांनी पहिला घास घेतला, चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि डोळे मिटले. “हीच ती चव,” ते म्हणाले.

“मिझुनो-सान, ही रत्नागिरीची पद्धत आहे,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

“हो, हो. बेटच ना?”

“नाही. जिल्हा.”

त्यांनी मान डोलावली. हा तपशील त्यांच्या दृष्टीने गौण होता. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी मला विचारलं, इथली खानावळ चालवाल का? आणि का विचारतोय तेही मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्या मुलाला गेस्ट हाउस पाडून तिथे पार्किंग करायचं होतं. गाड्या जेवायला मागत नाहीत, असं त्याचं म्हणणं. जुलैत गावाची पर्यटन समिती प्रत्येक गेस्ट हाउसात जेवून जाणार होती आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात कोणाकोणाचं नाव छापायचं ते ठरवणार होती. नाव छापून आलं तर मुलगा गप्प बसणार होता आणि खानावळ कायमची माझी. नाही आलं तर पार्किंग.

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पुण्यात मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. जपानात आल्यापासून मी ‘ओकुसान’ होते, म्हणजे कोणाची तरी बायको. बँकेत ओकुसान, दवाखान्यात ओकुसान, भाजीवाल्याकडे ओकुसान. सहा वर्षांत माझं नाव उच्चारलं ते फक्त श्यामकांतने, तेही मोजे सापडत नसले की. मला ती खानावळ हवी होती. लहान मुलाला खेळणं हवं असतं तशी हवी होती, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

“छान छंद आहे,” श्यामकांत परतीच्या गाडीत म्हणाला. “तुझा वेळ जाईल.”

त्या आठवड्यात मी त्याचे मोजे शोधून दिले नाहीत.

आता परवानगी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करायचं तर सरकारची परवानगी लागते. खिडकीपलीकडे एक अतिशय सभ्य तरुण बसला होता.

“कॅरेबियन उपाहारगृह,” त्याने वाचलं. “आपण कॅरेबियन आहात?”

“नाही.”

“तिथे वास्तव्य?”

“नाही.”

“प्रवासानिमित्त?”

“नाही. पण आमचे मालक एकदा गेले होते.”

त्याने तेही लिहून घेतलं. मग तो आत गेला, एका वरिष्ठाला घेऊन आला, वरिष्ठांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले आणि मी तीच उत्तरं दिली. शेवटी असं ठरलं की मी आठवड्यातून किती तास काम करावं याबद्दल कायद्याचं म्हणणं आहे, काय शिजवावं याबद्दल नाही. एवढं समंजस वाक्य मी कुठल्याच सरकारी कचेरीत ऐकलेलं नाही. पण ते ऐकायला मला चारदा जावं लागलं.

मग आरोग्य खात्याचे लोक आले. भांडी घासायला दोन सिंक हवेत. आहेत. हात धुवायला तिसरं, वेगळं. ते नव्हतं. मी म्हटलं, दोनपैकी एका सिंकमध्ये हात धुते की. आलेल्या बाईंनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. मी एम.एस्सी. आहे, प्रयोगशाळेत मुलांना हात धुवायला मी शिकवलं आहे, हे सगळं जिभेवर आलं होतं, पण जपानीत तेवढं रागावता येत नव्हतं. तिसरं सिंक बसवलं. ते भिंतीवर इतक्या उंच बसलं की हात धुतल्यावर पाणी कोपरांवरून थेट ब्लाउजात जाई. नियमात मात्र तंतोतंत.

या सगळ्या काळात मला सल्ला द्यायला दिगंबरराव होते. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दिगंबरराव जपानात आमच्याआधी कितीतरी वर्षं आलेले, त्यामुळे नागोयातल्या यच्चयावत मराठी माणसांना जपानी माणूस उलगडून सांगण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. ते संध्याकाळी बनियनवर खाली येत, खुर्चीत बसत आणि चहाची वाट बघत बोलायला लागत.

“वहिनी, एक लक्षात ठेवा. जपानी माणूस तोंडाने नको म्हणतो, पण त्याला हवं असतं. याला एनर्यो म्हणतात. एनर्यो म्हणजे संकोच. आपल्या जावयासारखं. आग्रह केल्याशिवाय तो घेणारच नाही.”

“खरंच?”

“अहो, एवढी वर्षं काढलीत इथे. चहात साखर कमी आहे का जरा?”

हे मला फार पटलं. अगदी आतून पटलं. पानात वाढायचं आणि पाहुण्याने नको म्हणायचं, पुन्हा वाढायचं, पुन्हा नको, यावर तर आमच्या घरातल्या चार पिढ्या पोसल्या होत्या. जपान्यांचंही तेच आहे म्हटल्यावर मला हा देश एकदम माहेरचा वाटायला लागला.

खानावळ सुरू झाली त्या दिवशी मी मोहरी आणि सुक्या मिरचीची दणदणीत फोडणी केली. आगीची घंटा वाजायला लागली. ती बंद करायची कशी ते मिझुनो-सानांना ठाऊक होतं, पण त्यासाठी आधी पुस्तिका वाचावी लागते असं त्यांचं मत होतं. ते पुस्तिका वाचत असतानाच गावातलं स्वयंसेवक अग्निशमन दल येऊन थडकलं. मासेवाला, न्हावी आणि पेट्रोलपंपावरचे काका, तिघेही हेल्मेट घालून. आग नाही हे कळल्यावर ते इतके ओशाळले की मीच त्यांना बसवून जेवायला घातलं. त्यानंतर दर बुधवारी दल तपासणीला येऊ लागलं, नेमकं बाराच्या सुमाराला. मी बुधवारी फोडणी जरा जास्तच करत असे.

खरं संकट नारळाने आणलं. नागोयातल्या एका दुकानात खरे नारळ मिळाले, मी ते खवले आणि करवंट्या जळणाऱ्या कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी करवंट्या दारात परत आल्या. त्यांच्यावर लाल चिठ्ठी चिकटवलेली होती. मी त्या न जळणाऱ्या कचऱ्यात टाकल्या. परत आल्या. तिसऱ्या दिवशी करवंट्यांबरोबर कुरोदा-सान स्वतः आल्या.

कुरोदा-सान म्हणजे वस्तीच्या मंडळाच्या अध्यक्ष. साठीच्या, बारीक, ताठ. करवंटी हातात घेऊन त्यांनी टेबलावर वाजवली. “लाकडासारखी आहे. पण आवाज चिनी मातीचा येतो. आजवर गावात असा कचरा कोणी केलेला नाही.”

“मी घरी घेऊन जाऊ का?”

“नागोयाला? आमच्या गावचा कचरा?” त्या दुखावल्याच.

यावर मंडळाची बैठक झाली. मला बोलावलं होतं. पंधरा माणसं मांडी घालून एका करवंटीभोवती गंभीरपणे बसली होती, आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून खुनाच्या आरोपीसारखी त्यांच्यासमोर. तासाभराने ठरलं की करवंटी फोडून, वाळवून, दोरीने बांधून ठेवली तर ती जळणारी मानता येईल. निघताना मिझुनो-सान माझ्या कानाशी पुटपुटले की पर्यटन समितीच्या अध्यक्षही कुरोदा-सानच आहेत. त्या गावात माणसं कमी आणि समित्या जास्त होत्या.

एक गोष्ट तेवढी माझ्या बाजूची घडली. आदल्या वर्षी जपानात धड उन्हाळा पडलाच नव्हता. भाताचं पीक बुडालं आणि सरकारने थायलंडहून तांदूळ मागवला. लांब दाण्याचा, मोकळा, सुवासिक. मला तर आनंदाने रडू यायचं बाकी होतं. जपानी माणसांना मात्र तो घशाखाली उतरेना. चिकटत नाही म्हणजे तो भातच नव्हे. मला तो आवडतो हे कळल्यावर सगळं गाव आपापल्या घरातला थाई तांदूळ गुपचूप कारिबु-सोच्या मागच्या दाराशी ठेवून जायला लागलं. ठेवणारे दिसत नसत, पिशव्या दिसत. करवंटीच्या प्रकरणात मला सोडवायला यातलं कोणी आलं नव्हतं, पण असू दे.

समितीच्या जेवणाचा दिवस आला. जुलै, आणि त्या वर्षीचा उन्हाळा तर आदल्या वर्षाचीही वसुली करत असल्यासारखा. समितीत कुरोदा-सान धरून पाच जण होते. कार्यक्रम मिझुनो-सानांनीच आखलेला होता. बाराला आमच्याकडे जेवण, दीडला शेजारच्या गेस्ट हाउसात पुन्हा जेवण, साडेतीनला टेकडीवरच्या हॉटेलात चहा आणि अभिप्राय. श्यामकांतने रजा घेतली होती. मदतीला, असं तो म्हणाला. मला वाटतं, त्याच्या बायकोचा गावभर तमाशा झालाच तर निदान तो स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, असा त्याचा हिशेब असावा.

बेत झकास होता. सबाचं कालवण, तळलेले अजि मासे, बटाट्याची भाजी, घावन, सोलकढी आणि केळं घालून शिरा. मिझुनो-सानांनी घावनाला ‘आयलंड पॅनकेक’ आणि सोलकढीला ‘सूर्यास्त’ अशी नावं दिली होती. मी फुलाफुलांचा शर्ट घालावा असाही त्यांचा हट्ट होता. तो हवाईचा असतो, हे मी नकाशा न बघता सांगितलं आणि साडी नेसले.

मी पाचही पानं वाढली. पाहुणे हात जोडून जेवायला लागले. कुरोदा-सानांनी कालवण चाखलं आणि पान साफ केलं. अगदी शेवटच्या शितापर्यंत. माझा आनंद गगनात मावेना. आपल्याकडे रिकामं पान म्हणजे पाहुणा अजून भुकेला आहे, याबद्दल दोन मतं नाहीत. मी भात वाढला.

“पुरे झालं. फार छान होतं,” कुरोदा-सान म्हणाल्या आणि किंचित वाकल्या.

एनर्यो! मी कालवणही वाढलं.

त्यांनी तेही संपवलं. बाकीच्यांनीही संपवलं. मी घावन आणले. मासेमारी संस्थेचे एक आडदांड गृहस्थ होते, ते म्हणाले, पुरे. मी म्हटलं, असं कसं, एवढ्यात? त्यांनी संपवलं. मी वाढलं. आमच्या घरी एखाद्याला खरंच नको असलं तर तो पानावर दोन्ही हात आडवे धरतो, मागे सरकतो, तुम्हाला माझी शपथ म्हणतो, प्रसंगी उठून पळतो. या पाचांपैकी कोणीही यातलं काही केलं नाही. ते फक्त वाकून गोड आवाजात पुरे म्हणत होते, आणि मी वाढलं की मुकाट्याने संपवत होते. मासेमारीवाल्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. कालवण झणझणीत झालंय, मी खूश होऊन मनाशी म्हटलं. कोपऱ्यात बसलेल्या गावच्या मिठाईवाल्यांनी पट्टा सैल केला. आपल्याकडे याला दाद म्हणतात.

दुसऱ्या पातेल्याच्या तळाशी काही उरलंय का ते बघायला मी आत वळले, तर श्यामकांत दारात आडवा उभा होता.

“शुभदा, थांब. मारशील त्यांना.”

“अरे, ते संपवतायत!”

“तू वाढतेस म्हणून संपवतायत.”

“आणि ते संपवतायत म्हणून मी वाढतेय!”

“इथे पानात टाकत नाहीत,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “करणाऱ्याचा अपमान होतो. माणूस फुटेल पण टाकणार नाही. ऑफिसच्या पार्ट्यांत सहा वर्षं बघतोय मी. अगं, मी तर शेवटचा घास उठेपर्यंत राखून ठेवतो, कोणी पुन्हा वाढू नये म्हणून.”

“मग दिगंबरराव म्हणाले ते?”

“दिगंबररावांना कधी कुठल्या जपानी माणसाने जेवायला बोलावलंय?”

मी पडदा बाजूला करून बाहेर पाहिलं, आणि जे दाद म्हणून बघत होते ते काय आहे हे एकदम दिसलं. मिठाईवाले चटईवर कुशीवर पडले होते. एकजण भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपला होता. एक बाई हातपंखा हातात धरूनच पेंगत होत्या. मासेमारीवाले कसेबसे अंगणापर्यंत गेले होते आणि झोळीत कोसळले होते. झोळीने जमिनीला टेकून त्यांना सांभाळून घेतलं होतं. कुरोदा-सान मात्र ताठ बसल्या होत्या, दोन्ही हातांनी टेबल धरून. त्यांना उठता येत नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

दीड वाजून गेला. शेजारच्या गेस्ट हाउसातून फोन आला. मिझुनो-सानांनी उचलला, समितीकडे एकदा पाहिलं, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं आणि म्हणाले, “समिती लाटांचे आवाज ऐकत आहे.” लाटा काही ऐकू येत नव्हत्या. झोळीतलं घोरणं जास्त मोठं होतं. मग टेकडीवरच्या हॉटेलातूनही फोन आला. तेव्हाही समिती ऐकतच होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन तिसऱ्या सिंकपाशी उभी राहिले आणि रडले. खानावळ गेली. पार्किंग होणार. गावाच्या समितीला वाढून वाढून मारणारी परदेशी बाई म्हणून माझी गोष्ट या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं सांगितली जाणार, आणि नाव कोणाला आठवणार नाही. कुठलीतरी ओकुसान, म्हणतील.

श्यामकांत सिंकपाशी आला. मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. “भांडी यातल्या कुठल्या सिंकमध्ये?” त्याने विचारलं.

“उजवीकडच्या. छंदात कशाला हात घालतोस?”

“चुकलं माझं,” तो पातेलं घासत म्हणाला. “छंदासाठी कोणी असं रडत नाही.” लग्नाला दहा वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्याला एक गोष्ट स्वतःहून कळली होती, आणि नेमकी त्याच दिवशी मला तिचा आनंद मानता येईना.

चार वाजून गेल्यावर कुरोदा-सान आत आल्या. केस जरा विस्कटलेले, गालावर चटईचे वळ. म्हणजे शेवटी त्याही आडव्या झाल्या होत्या. मी जमिनीपर्यंत वाकले आणि मला येत होत्या तेवढ्या सगळ्या माफ्या मागून टाकल्या. आमच्याकडची पद्धत सांगितली. रिकाम्या पानाबद्दल सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे आम्ही संपवायचं थांबलो असतो, तर तुम्ही वाढायचं थांबला असता?”

“नाही,” मी खरं ते सांगितलं. “आवडलं नाही का, असं विचारून आणखी वाढलं असतं.”

कुरोदा-सान काहीतरी आवाज काढून खोकल्या. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या हसल्या होत्या. “सोमेया-सान झोळीतून उठत नाहीत,” त्या म्हणाल्या. “मासे धरणारा माणूस. चाळीस वर्षांत त्याला दिवसाउजेडी झोपलेला मी पाहिला नव्हता. मीही झोपले नव्हते.” मग त्यांनी ओट्यावरच्या पातेल्यांकडे पाहिलं. एक रिकामं, दुसरं रिकामं, तिसरं श्यामकांतच्या हातात. “तुम्ही जेवलात?”

“वाढणारी शेवटी जेवते.”

“काय जेवते?”

काही उरलंच नव्हतं.

त्यांनी खुंटीवरचा माझा दुसरा एप्रन बांधला. तिसऱ्या सिंकपाशी टाचा उंचावून हात धुतले. पाणी बाहीत गेलं, त्यांनी ती पिळून टाकली. भाताच्या पातेल्याच्या तळाशी खरपुडी लागली होती, ती खरवडून त्यांनी तिचे गोळे करायचा प्रयत्न केला. थाई भात तो, चिकटतोय कसला! तीनदा गोळा केला, तीनदा तो त्यांच्या हातातून ओघळला. पुटपुटत त्यांनी तो एका वाडग्यात घातला, वर खारवलेलं आवळ्याएवढं आलुबुखार ठेवलं आणि त्यावर गरम चहा ओतला. भातावर चहा! रत्नागिरीत हे कोणी पाहिलं असतं तर माझं माहेर तुटलं असतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. मी बसले. त्या समोर उभ्या राहिल्या.

“सुट्टी कुठल्या वारी ठेवणार?”

“कसली?”

“खानावळीची. माहितीपत्रकात छापावी लागते.”

माझा हात वाडग्यातच थांबला. “सोमवारी,” मी म्हटलं. “बुधवारी अग्निशमन दल येतं.”

“आणि नाव? मिझुनोंचं छापलंय इतकी वर्षं. पण स्वयंपाक ते करत नाहीत.”

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, शु-बा-दा, जसं जपानी जिभेला जमेल तसं. मागे पाण्याचा आवाज बंद झाला होता. श्यामकांत पातेलं हातात धरून नुसता उभा होता.

भूक इतकी लागली होती की चहाभाताची चव काय होती ते मला आठवत नाही. शेवटचं शीत संपवून मी वाडगा खाली ठेवला आणि वाकून म्हटलं, “पुरे झालं. फार छान होतं.”

कुरोदा-सानांनी रिकाम्या वाडग्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पुन्हा भाताच्या पातेल्याकडे वळल्या.